गोळ्या खाऊनही हिमोग्लोबिन चढत नाही?

तेवीस वर्षं लॅबमध्ये रक्त काढलं, तरी सख्ख्या भाचीच्या बाबतीत फसले. एकोणिसाव्या वर्षी हिमोग्लोबिन ७.८. हॉस्टेलचं जेवण, पाळी, बीट खा... सगळ्यांसारखं मीही हेच म्हटलं. आठ महिने लोहाच्या गोळ्या खाऊन आकडा आला ८.१.

आधी गोळी खरंच पोटात जाते ना आणि तिच्यावर लगेच चहा होत नाही ना, ते बघा. हे ठीक असूनही महिन्याभरात एक ग्रॅम चढलं नाही, तर गोळीची कंपनी बदलत बसू नका. दम लागत असेल, चक्कर येत असेल तर आधी डॉक्टर गाठा. बाकीच्यांनी जुना सीबीसी, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचा रिपोर्ट, काढावा.

हिमोग्लोबिनच्या खालच्या ओळी कोणी वाचतच नाही. एमसीव्ही म्हणजे लाल पेशीचा आकार. तो ८० च्या खाली असेल, तर त्याला आरबीसीच्या, म्हणजे लाल पेशींच्या संख्येच्या, आकड्याने भागा. उत्तर १३ च्या आत आलं तर थॅलेसेमिया मायनरचा, म्हणजे आईवडिलांकडून आलेल्या हिमोग्लोबिनच्या सौम्य दोषाचा, संशय. सिंधी, लोहाणा, कच्छी घरांत तर जास्तच. एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार दाखवणारी चाचणी करा, विदर्भ-नंदुरबारकडचा सिकलसेलही त्यातच कळतो. सोबत फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा दाखवणारी चाचणी, हवंच. लोह फार कमी असलं की मायनर कधीकधी लपतो, आणि लोह पुरेसं असलेल्या मायनरला गोळ्या देण्यात अर्थ नाही.

भाचीचं एमसीव्ही ६४, आरबीसी ३.९. भागाकार सोळाच्या वर. फेरिटिन फक्त ४. मग आठ महिन्यांचं लोह गेलं कुठे?

एक तर वाहून जातं. पाळीत तासाला पॅड बदलावं लागतं? लहानपणापासून घोळणा फुटतो? मग वॉन विलेब्रँडची, म्हणजे रक्त नीट न गोठण्याच्या जन्मजात आजाराची, चाचणी विचारा. शेतात अनवाणी फिरणाऱ्यांनी हुकवर्म, म्हणजे आतड्यात रक्त शोषणारे जंत, आहेत का यासाठी शौच तपासावी. शौच काळी दिसली म्हणून घाबरू नका, गोळ्यांनीही होते. पण डॉक्टरांना सांगा.

नाहीतर आतडं शोषूनच घेत नाही. तिला जुलाब कधीच नव्हते, नुसतं तोंड यायचं. टीटीजी-आयजीए, म्हणजे गव्हामुळे आतडं बिघडतंय का ते बघणारी रक्तचाचणी, करायचं ठरलं, तर बाईसाहेबांनी कुणाचं तरी ऐकून आधीच पोळी सोडलेली! गहू बंद केला की ही चाचणी फसते. सहा आठवडे पुन्हा पोळ्या खायला लावल्या. मग चाचणी, दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा आणि निदान: सीलिअॅक, म्हणजे गव्हातल्या ग्लूटेनने आतड्याला इजा होणारा आजार.

आता ज्वारी-नाचणी. चार महिन्यांत ११.२. घरातलं सगळं चाळलं, तरी हिंगाची डबी राहिलीच होती. उलटून वाचली: गव्हाचं पीठ.