दोन शतकांमधली प्रेमकथा लिहायची असेल, तर आधी पंचांग उघडा

‘तो आजचा, ती पेशवाईतली’ अशी गोष्ट लिहायला घेतलेले लोक बहुतेक वेळा काळ ओलांडण्याच्या यंत्राशीच अडतात. जुना आरसा, वाड्यातलं बंद दार, वीज कोसळणं, विहिरीत पडणं. यांतलं काहीही चालतं. वाचक एक चमत्कार फुकट देतो, त्याबद्दल हुज्जत घालत नाही. तो हुज्जत घालतो पुढच्या गोष्टींवर: कोणाला काय ठाऊक आहे, कधी कळलं, आणि कळूनही तो गप्प का बसला.

मी मोडी कागद वाचून बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत, उतरवून देते. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधामुळे आम्हा मोडीवाल्यांना जरा बरे दिवस आले. त्याआधी इनामाचे कागद आणि भाऊबंदकीचे दावे यांवरच भागत असे. उरलेल्या वेळात दिवाळी अंकांसाठी कथा लिहिते, म्हणून नवे लिहिणारे विचारायला येतात. त्यांना मी आधी एकच सांगते. दफ्तरातला रुमाल, म्हणजे कागदांचं कापडी गाठोडं, उघडून जुनं पत्र वाचताना एक विचित्र अन्याय होत असतो. लिहिणारा पुढच्या वर्षीच्या लग्नाचे बेत करतो आहे, आणि तो त्या लग्नापर्यंत जगणार नाही हे मला ठाऊक आहे. दोन शतकांमधल्या प्रेमाची सगळी अडचण या अन्यायात आहे. एकाला दुसऱ्याचा शेवट माहीत असेल तर ते प्रेम बरोबरीचं कसं होणार? तुमची कथा याचं उत्तर शोधण्यासाठी आहे. यंत्र त्यानंतर.

तेव्हा पहिलं काम, वर्ष निवडा. ‘पेशवाईतली’ म्हणून भागत नाही. मी उदाहरणाला शके १६८२ घेते, म्हणजे १७६०-६१. पौष शुद्ध अष्टमी, बुधवार, १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपत झालं. आता पंचांग पाहा: शके १६८२ चं नाव विक्रम संवत्सर. संवत्सरांचं चक्र साठ वर्षांचं. चार चक्रं पुढे मोजा, २४० वर्षं, की शके १९२२ येतं, म्हणजे २०००-०१. तेही विक्रम संवत्सर. तुम्हाला दुवा मिळाला. दोघांमध्ये कागद जातो-येतो तो फक्त विक्रम नावाच्या वर्षात, आणि गुढीपाडव्याला नवं संवत्सर लागलं की वाट बंद. मुदतही आपोआप आली. २००१ साली पाडवा २६ मार्चला होता. नायकाला तोवरचाच वेळ आहे, आणि ते त्याला भिंतीवरच्या कालनिर्णयात दिसतं आहे.

तारीख आणि तिथी यांतला फरक तर हातात आयती मिळालेली गोष्ट आहे. समजा तो, केदार म्हणू, १४ जानेवारीवर लाल खूण करून बसला. त्याच्या हिशेबाने युद्धाला अजून वेळ आहे. ती, यमुना, तिथीने जगते. २००१ साली पौष शुद्ध अष्टमी जानेवारीच्या पहिल्याच आठवड्यात येऊन गेली. तुमच्या कथेत वाट तिथीवर चालत असेल, तर केदार दहा-अकरा दिवस उशिरा पोचतो. खलनायक लागत नाही, गैरसमज लागत नाही, दोन कॅलेंडरं पुरतात. (संक्रांतीच्या दिवशी पानिपत झालं असं मात्र लिहू नका. त्या काळी संक्रांत आजच्यापेक्षा तीन-चार दिवस अलीकडे पडत असे. १४ तारीख पाहून संक्रांत घुसडणारे बरेच आहेत.)

त्या काळच्या सरकारी कागदांवर आणखी एक वर्ष सापडेल, सुहूर सन. त्यात मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवायचे की इसवी सन निघतो. पानिपत सुहूर ११६१ मधलं, अरबी आकड्यांत ‘इहिदे सितैन मया व अलफ’. शिवाय ‘छ’ लिहून मुसलमानी महिन्याची तारीख. केदारने हे कुठून तरी शिकायला हवं, आणि शिकताना चुकायलाही हवं. तुमची कथा वसईच्या वेढ्याच्या काळातली, १७३९ मधली असेल, तर गंमत अजून वाढते. पोर्तुगीज आणि मुंबईचे इंग्रज यांच्या तारखांमध्ये अकरा दिवसांचा फरक होता, कारण इंग्रजांनी नवं कॅलेंडर १७५२ साली घेतलं.

आता वाट. जागा खरी घ्या आणि जागेच्या स्वभावातून नियम काढा. मी कात्रजचा नळ घेईन. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून जमिनीखालच्या बांधीव नळाने पाणी शहरात आणलं, शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांमधल्या हौदांपर्यंत. वाटेत हवा सुटायला उच्छ्वास बांधले. पाणी उतारानेच येतं, उलटं चढत नाही. म्हणजे नियम तयार आहे: तिचा कागद सहज पुढे येतो, त्याचा मागे जाताना किंमत घेतो. किंमत ठरवाच. फुकटची टपाल ठेवलीत तर दोघं रोज गप्पा मारतील आणि तुमची कथा दहाव्या पानावर मरेल. माझ्या मते इथे सगळ्यात चांगली किंमत अशी: केदारने एक उत्तर पाठवलं की यमुनेच्या आधीच्या पत्रांपैकी एक कोरं होतं. कोणतं, ते त्याच्या हातात नाही. मग तो दर वेळी लिहिण्यापूर्वी विचार करेल, आधीची पत्रं पाठ करून ठेवेल, काही वेळा उत्तर टाळेल. प्रेमात पडलेला माणूस कंजूष झाला की वाचक लगेच त्याच्या बाजूचा होतो.

इतिहास बदलता येतो का, हे पहिल्या चार पानांत नक्की करा आणि मग त्यात ढवळाढवळ करू नका. मी ‘बदलत नाही’ या बाजूची आहे. आजचा मुलगा जाऊन भाऊसाहेबांना, म्हणजे पानिपतावरच्या सदाशिवरावांना, गनिमी काव्याचे धडे देतो, हे मला वाचवत नाही. त्यात ती बिचारी कोपऱ्यात उभी राहून कौतुकाने बघण्यापुरती उरते.

यमुना कोण, यावर सगळ्यात जास्त वेळ घालवा. १७६० मधल्या पुण्यातल्या ब्राह्मण घरात वीस वर्षांची अविवाहित मुलगी नसते. लग्नं आठ-नऊ वर्षांच्या मुलींची होत. तेव्हा ‘स्वच्छंदी, लग्नाला नकार देणारी’ नायिका आणाल तर तिला उचलून २०२५ मध्ये ठेवा, तिथे बरी दिसेल. माझी यमुना शुक्रवार पेठेतल्या एका कारकुनाची बायको. नवरा भाऊसाहेबांच्या फौजेबरोबर फडावर हिशेब लिहायला गेला आणि परत आला नाही. मेल्याचीही खबर नाही. अशी किती घरं त्या वर्षी पुण्यात होती! खुद्द सदाशिवरावांची बायको पार्वतीबाई रणावरून परतल्या आणि पती गेला हे त्यांनी शेवटपर्यंत मानलं नाही. त्या १७८३ साली वारल्या. मधल्या काळात भाऊंचा तोतया उभा राहिला, त्याला लोक जमले, आणि १७७६ मध्ये त्याला मारलं गेलं. म्हणजे जो येणार नाही त्याची वाट पाहणं हे त्या शहराला चांगलंच माहीत होतं. सवाष्ण की विधवा, हे ठरत नसलेली बाई दुसऱ्या कोणावर जीव लावते, तोही न जन्मलेल्या माणसावर. यात पापपुण्य आहे, सासू आहे, शेजार आहे, कुंकू आहे. त्यातून पळवाट काढू नका.

तिला लिहिता येतं का? गोपिकाबाई, आनंदीबाई यांची पत्रं आहेत, पण त्या पेशव्यांच्या घरातल्या. कारकुनाच्या बायकोला येत असेल तर कोणी शिकवलं ते सांगा. मला विचाराल तर येऊच देऊ नका. घरातली एखादी बालविधवा आत्या असावी, भावांचे धडे ऐकता ऐकता मोडी शिकलेली, आणि यमुनेची पत्रं तिने लिहावीत. आता प्रेमपत्राला साक्षीदार मिळाला. आत्या काही शब्द गाळेल, काही स्वतःच्या पदरचे घालेल. केदार ज्या अक्षराच्या प्रेमात पडला ते अक्षर यमुनेचं नाहीच, हे त्याला कथेच्या मध्यावर कळू द्या.

हौदावर कोणाला हात लावता येत होता, हेही विसरू नका. जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी १८६८ मध्ये खुला केला, म्हणजे यमुनेनंतर शंभराहून अधिक वर्षांनी. केदारची जात काय, हे यमुना पहिल्याच चार पत्रांत विचारणार. तो काय उत्तर देतो त्यावरून तो कसला माणूस आहे ते ठरेल. हा प्रश्न टाळलेल्या कथा मी वाचल्या आहेत. त्यातली पेशवाई नाटकाच्या पडद्यासारखी सपाट दिसते.

किरकोळ गोष्टी भराभर सांगते. चहा नाही. बटाटा नाही, साबुदाण्याची खिचडी नाही. मिरची आहे. काडेपेटी नाही, चकमक आहे. ‘पाच मिनिटांत येते’ नाही. घटका चोवीस मिनिटांची, प्रहर तीन तासांचा, आणि दिवस सूर्योदयाला सुरू होतो. पहाटेपूर्वी टाकलेला कागद तिच्या लेखी आदल्याच दिवसाचा असतो. कागद बोरूने लिहायचा. मोडीत शब्द तोडत नाहीत, विरामचिन्हं नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. त्यामुळे एकाच ओळीचे दोन अर्थ लागू शकतात आणि केदारने एकदा चुकीचा अर्थ धरायला काहीच हरकत नाही.

भाषेसाठी इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड घ्या. तो १८९८ चा, १७५० ते १७६१ मधल्या पत्रांचा. रोज दोन पत्रं मोठ्याने वाचा. अर्थ नाही लागला तरी वाचत राहा, चाल कानात बसते. सरदेसायांनी काढलेले पेशवे दफ्तराचे पंचेचाळीस खंड त्यानंतर. फारसी शब्दांची पेरणी करून जुनेपणा येत नाही, तो पत्राच्या रीतीतून येतो. आधी श्री, मग क्षेमकुशल, मग ‘विशेष’ म्हणून मुद्दा, शेवटी ‘बहुत काय लिहिणे’. भावना उघड नसतेच, ती पाण्याच्या नि धान्याच्या बातमीत लपते. मी एक नमुना करून देते, आत्याच्या हातचा:

‘श्री. विनंती उपरी. येथील क्षेम पौष वद्य तृतीयापावेतो जाणोन स्वकीय कुशल लिहीत जावे. विशेष. हौदाचे पाणी दोन रोज गढूळ येते. उत्तरेकडील वर्तमान येथे कोणास कळत नाही. आपणांस कळत असेल. आपण लिहीत नाही, यावरून काय समजावे ते समजले. बहुत काय लिहिणे.’

हे पत्र कथेचा कणा आहे, कारण इथे अन्याय उलटतो. पानिपतची बातमी नानासाहेबांना भेलशाकडे (आजचं विदिशा) मिळायला दहा दिवस गेले, तीही सावकाराच्या सांकेतिक चिठ्ठीतून: दोन मोत्यं गळाली, सत्तावीस मोहरा गेल्या, रुपये-खुर्दा किती त्याची गणती नाही. मोत्यं म्हणजे विश्वासराव आणि भाऊसाहेब, मोहरा म्हणजे सरदार, खुर्दा म्हणजे साधी माणसं. पुण्याला त्याहून उशीर. मधल्या दिवसांत केदारला सगळं माहीत आहे आणि शहराला काहीच नाही. सांगितलं तर यमुना आजच विधवा होते, आणि तिला कसं कळलं हे घरी सांगता येणार नाही. नाही सांगितलं तर तो तिच्याशी खोटं वागतो. शिवाय त्याला तरी नक्की काय ठाऊक आहे? फौज बुडाली एवढंच. फडावरच्या एका कारकुनाचं नाव कुठल्याच यादीत नाही. इतिहासाला मोती नि मोहरा ठाऊक आहेत; तिचा नवरा खुर्द्यात. तो गप्प बसतो आणि ती त्याच्या गप्प बसण्यातून वाचते.

पुढचा भाग याहून अवघड, पण बरोबरी तिथेच साधते. केदार दफ्तरात यमुनेचा शेवट शोधायला जाणारच. जुन्या कागदांशी काम असलेल्या कोणालाही तो मोह आवरणार नाही. त्याला काहीही सापडू देऊ नका, आणि त्याचं कारण यमुनेच्या हातात ठेवा. मागे कोणता कागद उरेल, ही तिची सत्ता. तिने त्याला एकदा विचारलेलं असावं, ‘माझे पुढे काय होते ते आपण पाहिलेत काय?’ आणि त्याच्या उत्तरानंतर तिने घरातलं आपल्या नावाचं एकूण एक चिटोरं पाण्यात सोडलं असावं. आता त्यालाही तिच्याइतकंच ठाऊक आहे.

भेट घडवायची का? संपादक घडवा म्हणतील. घडवायचीच तर एकदाच, थोड्या वेळाची, आणि बोलण्यात अडचण ठेवा. त्याचं ‘ओके’ तिला कळणार नाही, तिचं झरझर बोलणं त्याला. मी घडवणार नाही. मी पाडव्याच्या आदल्या रात्री त्याला एक कोरा कागद मिळू देईन. तो तिने कोरा पाठवला, की त्याच्या शेवटच्या उत्तराची किंमत म्हणून कोरा झाला, हे मात्र लिहिताना स्वतःला पक्कं माहीत हवं, नाहीतर आधीची पत्रं डळमळतात.

दिवाळी अंकाला द्यायची असेल तर पावसाळ्याआधी पहिला खर्डा पुरा करा. गणपतीपर्यंत बहुतेक अंकांची पानं भरलेली असतात. पत्रं वेगळ्या टाइपात टाका. प्रत्येकावर तिथी हवी, इसवी तारीख फक्त केदारच्या भागात. तिथी, वार, तारीख यांचं कोष्टक तुमच्या वहीत ठेवा, कथेत छापू नका. पाठवण्याआधी पंचांग कळणाऱ्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला ते दाखवून घ्या. एखादा महिना अधिक होता आणि तुम्ही तो मोजलाच नाही, हे छापून आल्यावर वाचकाच्या पत्रातून कळण्यापेक्षा बरं.