प्रोग्रेसिव्ह रीलोडिंग प्रेस: खोलणं, साफ करणं आणि शेलप्लेट पुन्हा नीट बसवणं

रिकाम्या पुंगळ्यांत नवा प्राइमर (ठोका बसला की पेटणारी छोटी टोपी), पावडर (दारू) आणि गोळी घालून काडतुसं पुन्हा भरायचं हे यंत्र. प्रेस बिघडली म्हणून जे लोक तक्रार करतात, त्यातल्या बऱ्याच जणांनी ती नुकतीच साफ केलेली असते. घाण त्रास देतेच, पण साफसफाईनंतर शेलप्लेट, म्हणजे पुंगळ्या धरून एका स्टेशनवरून पुढच्या स्टेशनवर नेणारी फिरती चकती, चुकीची बसवली तर त्याहून जास्त त्रास होतो. म्हणून या लेखात पुसण्याबद्दल थोडंच आहे आणि एका बोल्टबद्दल बरंच.

आधी टेबलावरून पावडरचा डबा आणि प्राइमरची खोकी दुसऱ्या खोलीत न्या. हॉपर, म्हणजे प्रेसवरचा पावडर भरायचा डबा, पूर्ण रिकामा करा, पावडर तिच्या मूळ डब्यातच परत जायला हवी. प्राइमरची नळी उपसा आणि प्राइमर पुढे सरकवणाऱ्या स्लाईडमध्ये एखादा प्राइमर अडकलाय का ते टॉर्च लावून बघा. सापडला तर ठोकून किंवा पकडीने ओढून काढू नका. डोळ्यांवर चष्मा लावा, स्लाईडचा स्क्रू सैल करा आणि प्राइमर आपोआप खाली पडेल अशी वाट करून द्या. तेल टाकलं की प्राइमर निकामी होतो ही समजूत चुकीची आहे. तेल लागलेला प्राइमरही उडू शकतो.

जळालेल्या प्राइमरच्या राखेत शिसं असतं. त्यामुळे हवेचा फवारा मारायचा नाही आणि कोरड्या ब्रशने झाडायचंही नाही. नायट्राइलचे हातमोजे घाला, आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओल्या केलेल्या फडक्याने पुसा आणि फडकी पिशवीत बांधून टाका. ब्रेक क्लीनर किंवा ॲसिटोन प्लास्टिकच्या भागांजवळ आणूच नका, हॉपर पांढरा पडून तडकतो.

खोलताना डाय (पुंगळीला आकार देणारे, गोळी बसवणारे साचे) असलेलं वरचं टूलहेड सबंध बाहेर काढा. डाय एकेक सोडवत बसू नका, सेटिंग जाईल. प्रत्येक भागाची दिशा मार्करने खुणा करून ठेवा. हँडलच्या लिंकच्या पिना आणि रॅम (हँडल ओढलं की वरखाली होणारा दांडा) यांना कारण नसताना हात लावू नका. हँडल खाली असताना रॅम बाजूला हलत असेल तरच पिना काढा. काढल्या तर त्यांना जागेवर धरणाऱ्या सर्क्लिप नव्याच लावा. आणि शेलप्लेट ज्यावर बसते त्या मधल्या प्लॅटफॉर्मला रॅमशी पकडणारे स्क्रू तर अजिबात सोडू नका. ती जुळणी कारखान्यात केलेली असते, अलाइनमेंटचं टूल हाताशी नसेल तर ती पुन्हा साधत नाही.

आता शेलप्लेट. मधल्या बोल्टला बाजूने एक छोटा सेट स्क्रू असतो, आधी तो सोडवायचा. तो न सोडवता बोल्ट फिरवला तर आटे जातात. बऱ्याच मशीनवर प्लेटखाली तिला खाचेत अडकवून धरणारा एक छोटा बॉल आणि स्प्रिंग असते. प्लेट उचलताना दुसऱ्या हाताचा अंगठा त्यावर ठेवा, नाहीतर बॉल उडतो आणि मग कपाटाखाली शोधत बसा.

प्लेटखालची जागा हीच खरी घाणेरडी जागा. पावडरचे दाणे, पितळेचा कीस आणि जुनं ग्रीस मिसळून तिथे थर जमतो. एक दाणा जरी राहिला तरी प्लेट तिरकी बसते. प्लॅटफॉर्म, प्लेटची खालची बाजू, बॉलचं भोक आणि प्लेटवरच्या खाचा, सगळं लाकडी काडीने आणि फडक्याने साफ करा. ग्रीस फक्त बोल्टच्या खांद्याला आणि बॉलला, तेही बोटाला जेमतेम लागेल इतकं. इथे भरपूर ग्रीस घालायचा सल्ला मिळतो, तो ऐकू नका. जास्तीच्या ग्रीसला पुढची पावडर चिकटते आणि तोच थर पुन्हा जमतो.

बोल्ट किती कसायचा, हा सगळ्यात वादाचा प्रश्न. प्लेट हाताने फिरायचं बंद होईपर्यंत बोल्ट कसा, मग अगदी थोडा, अंदाजे एक अष्टमांश फेरा, उलटा सोडा. प्लेट न अडखळता फिरली पाहिजे आणि कडेला बोटाने वर उचलली तर हलता कामा नये. आता सेट स्क्रू कसा, पण ॲलन कीने बोल्ट धरून ठेवूनच. सेट स्क्रू कसताना बोल्ट सोबत किंचित फिरतो आणि जुळवलेलं बिघडतं. बहुतेक लोक इथेच चुकतात आणि मग दोष मशीनला देतात. सेट स्क्रू कसून झाल्यावर प्लेट पुन्हा फिरवून बघा. घट्ट झाली असेल तर सगळं पहिल्यापासून करा. थ्रेडलॉकर (आटे पकडून ठेवणारा गोंद) लावू नका, तो झिरपून प्लेटखाली जातो.

प्लेट ढिली राहिली तर प्राइमर दाबताना पंच पुंगळीला वर ढकलतो, पुंगळीसोबत प्लेटही उचलली जाते आणि प्राइमर पूर्ण बसत नाही. असा उंच प्राइमर बंदुकीच्या पहिल्या ठोक्यात बऱ्याचदा फक्त आत सरकतो, पेटत नाही. व्यवस्थित बसलेला प्राइमर पुंगळीच्या तळापेक्षा 0.003 ते 0.005 इंच आत असतो. बोट फिरवून हे कळतं, सवय करा.

प्लेट जास्त घट्ट असेल तर ती पुढच्या खाचेत पूर्ण जात नाही, अर्ध्यावरच थांबते. मग माणूस हँडल थोडं मागे घेतो, पुन्हा ओढतो आणि त्याच पुंगळीत दोनदा पावडर पडते. त्यामुळे हँडल अर्ध्यावर अडलं की थांबायचं, डायखाली असलेल्या सगळ्या पुंगळ्या बाजूला काढायच्या आणि मगच कारण शोधायचं. जोर लावून हँडल पूर्ण ओढणं हा उपाय नव्हे.

प्लेट झटक्याने पुढे जाते आणि भरलेल्या पुंगळीतली पावडर उडते, अशीही तक्रार असते. त्यासाठी बॉलखालची स्प्रिंग कापायचा सल्ला दिला जातो. आधी बोल्टची घट्टी तपासा आणि हँडल सावकाश चालवा. तरीही कापायचीच असेल तर जादाची स्प्रिंग आणून ती कापा, मूळची ठेवून द्या. स्प्रिंग जास्त कमजोर झाली तर प्लेट खाचेत टिकतच नाही.

बाकीचं सोपं आहे. रॅम पुसून त्यावर मोटर ऑइलचा पातळ हात फिरवा आणि पुन्हा पुसा. जाड तेलात राखेचा कीस अडकून रॅम घासत राहतो. पिनांना थोडं ग्रीस. प्राइमरचा पंच आणि त्याची वाटी मात्र पूर्ण कोरडी ठेवा.

सीटिंग डायकडे, म्हणजे पुंगळीत गोळी बसवणाऱ्या डायकडे, वेगळं लक्ष द्या. तिच्या खुंटात (गोळीला वरून दाबणारा भाग) गोळीवरचं मेण आणि शिशाचा थर जमतो आणि गोळी हळूहळू जास्त आत बसू लागते. खुंट साफ केला की उलट होतं, काडतुसाची लांबी एकदम वाढते. म्हणून साफ केल्यावर व्हर्निअरने एकूण लांबी मोजल्याशिवाय पुढे जाऊ नका.

जोडून झालं की पावडर आणि प्राइमर न घालता, साइज केलेल्या, म्हणजे डायने दाबून मूळ मापात आणलेल्या, रिकाम्या पुंगळ्या प्रत्येक स्टेशनवर ठेवा आणि हँडल अगदी हळू ओढा. पुंगळीचं तोंड डायच्या कडेला घासत असेल तर प्लेट जागेवर नाही. हे जमलं की प्राइमर, मग पावडर. पहिले काही डोस मशीन स्थिर होण्यासाठी ओतून टाका, त्यानंतरचे 10 तराजूवर तोला.

काम थांबवताना पावडर रात्रभर हॉपरमध्ये ठेवू नका. नायट्रोग्लिसरीन असलेली पावडर काही प्लास्टिकला खाते आणि हॉपरमधली पावडर कोणत्या डब्यातली होती हे त्यावर लिहिलेलं नसतं.