इन्स्टॉलरशिवाय विंडोजवर ह्यूगो बसवण्याची सोपी रीत

नागपुरातील एखाद्या वाचनालयाचे किंवा संत्रा बागायतदारांच्या गटाचे छोटे संकेतस्थळ करायला घेतले, की ह्यूगो हा संकेतस्थळ तयार करून देणारा प्रोग्रॅम संगणकावर बसवतानाच पुष्कळ जण अडतात. वस्तुतः ह्यूगो म्हणजे थेट चालणारी एकच फाइल आहे.

१. गिटहबवरील ह्यूगोच्या अधिकृत पानावरून विंडोजची झिप फाइल उतरवून घ्यावी. काही थीमना (संकेतस्थळाच्या तयार रूपरचनांना) आवश्यक असल्याने नावात ‘एक्स्टेंडेड’ असलेलीच घेणे मला श्रेयस्कर वाटते.

२. ती स्वतंत्र फोल्डरमध्ये उलगडून त्या फोल्डरचा पत्ता आपल्या खात्याच्या ‘पाथ’ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये, म्हणजे विंडोज प्रोग्रॅम जिथे शोधते त्या फोल्डरांच्या यादीत, जोडावा, म्हणजे ॲडमिन पासवर्डही लागत नाही.

३. कमांड प्रॉम्प्ट नव्याने उघडून ‘ह्यूगो व्हर्जन’ ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत (hugo version) द्यावी; आवृत्ती दिसली, की ह्यूगो बसला.

‘पाथ’मधील जुन्या नोंदी मात्र पुसू नयेत, अन्यथा इतर प्रोग्रॅम सापडेनासे होतात.