खाऱ्या पाण्यातला आजारी मासा ओळखायला शिकताना

पहिले सहा क्लाऊन मासे माझ्या हातून गेले. बाणेरमधल्या एका दातांच्या दवाखान्यात, पेशंट बसतात त्या खोलीत, चार फुटी खारी टाकी होती आणि तिच्यासाठी चेन्नईहून मासे मागवले होते. लोहगाव विमानतळाच्या कार्गोतून थर्माकोलचा खोका मी स्वतः उचलला आणि स्कूटीवर पायांपाशी ठेवून आणला. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघांच्या अंगावर पांढरट काहीतरी दिसलं. तेव्हा मला आजार एकच ठाऊक होता, व्हाइट स्पॉट, आणि औषध एकच, तांबं. ज्यांच्याकडे काम शिकत होते त्या काकांना फोनही न करता मी डोस ओतला. तिसऱ्या दिवशी सहाच्या सहा तळाशी.

काका ओरडले नाहीत. मेलेला एक मासा बशीत घेतला आणि विचारलं, "औषध कशावर दिलंस गं?"

"व्हाइट स्पॉटवर."

"ठिपके मोजलेस?"

ठिपके नव्हतेच. सायीसारखा चिकट थर होता, डोक्याकडून सुरू झालेला, आणि कडेने कातडी सुटल्यासारखी. तो ब्रूकलिनेला नावाच्या परजीवीचा आजार होता. क्लाऊनमध्ये इतका नेहमीचा की त्याला क्लाऊनफिश डिसीज असंच नाव पडलंय. तांब्याला तो दाद देत नाही. फॉर्मॅलिनचा डिप, म्हणजे औषधाच्या पाण्यात थोडा वेळ बुडवणं, लागतो, आणि उद्यावर टाकून चालत नाही.

हे लिहितेय ते खाऱ्या टाक्यांच्या देखभालीच्या कामात उतरू बघणाऱ्यांसाठी. घरी पहिली टाकी मांडलेल्यांनाही उपयोगी पडेल; त्यांना फक्त चुका स्वतःच्या खिशातून कराव्या लागतात.

शिक्षणाचं आधी उरकते. मी बीएस्सी झूलॉजी केलं. प्रोटोझोआच्या आकृत्या तोंडपाठ होत्या, जिवंत परजीवी एकही पाहिला नव्हता. बारावी सायन्सनंतर या विषयात रीतसर शिकायचं तर चार वर्षांची बीएफएस्सी, म्हणजे मत्स्यविज्ञानाची पदवी, आहे: रत्नागिरीजवळ शिरगावला, शिवाय नागपूर आणि उदगीरला. पुढे मुंबईत वर्सोव्याच्या सीआयएफई या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेमध्ये जलचरांच्या आरोग्यावर मास्टर्स होतं. जायला मिळालं तर जरूर जा. मात्र दिवाणखान्यातला टँग मासा कसा वाचवायचा, हे कुणाच्या तरी हाताखाली राहूनच येतं. पुण्यात कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर गल्लोगल्ली आहेत, पण माशाची पिशवी घेऊन गेलं की बहुतेक जण आपल्याचकडे बघतात.

काकांकडे पहिले दोन महिने औषधाच्या कपाटाला हात लावायची मला परवानगी नव्हती. वही घेऊन टाकीसमोर बसायचं आणि कल्ले मोजायचे, एवढंच काम. पंधरा सेकंदांत कल्ला किती वेळा उघडतो ते बघायचं आणि चारने गुणायचं. सुरुवातीला कंटाळा आला. मग हळूहळू कळायला लागलं की मासा खाणं सोडण्याच्या, ठिपके दिसण्याच्या कितीतरी आधी श्वासात बदल होतो. आजही नव्या माशाच्या नावापुढे मी आधी हा आकडा लिहिते. तोच मासा काल सत्तरवर होता आणि आज एकशेवीसवर आहे, याचा अर्थ कातडी स्वच्छ दिसत असली तरी कल्ल्यात काहीतरी बसलंय. एकच कल्ला हलतोय, दुसरा मिटलेला, असं दिसलं तर मला फ्लूकचा, म्हणजे माशाला चिकटणाऱ्या चपट्या कृमींचा, संशय येतो. पंपाच्या झोतात तोंड करून मासा तासन् तास उभा असेल, दिवा लावला की कोपरा गाठत असेल, तर वेल्वेट, तोही परजीवीचाच आजार. दगडाला एखादवेळा अंग घासलं म्हणून घाबरायचं कारण नाही. दहा मिनिटांत सहा वेळा घासलं तर लिहून ठेवायचं.

पहिल्या दोन दिवसांत मेलेल्या माशांवर आजाराचा आळ घ्यायची घाई मात्र करू नका. पिशवीत मासा श्वास सोडतो, कार्बन डायऑक्साइड साठतो, पाण्याचा पीएच उतरतो. उतरलेल्या पीएचला अमोनिया फारसा विषारी नसतो. पिशवी उघडली की वायू उडून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया जीवघेणा होतो. म्हणून लांबून आलेल्या माशाची पिशवी उघडून दोन तास थेंब थेंब पाणी सोडत बसणं मला पटत नाही. त्यापेक्षा क्वारंटाइनच्या टाकीतली क्षारता आधीच पिशवीएवढी करून ठेवावी, तापमान जुळवावं आणि मासा सरळ आत घ्यावा. पुष्कळ दुकानदार १.०१८ ते १.०२० वर (हे पाण्याचं विशिष्ट गुरुत्व, क्षारता त्यावरून मोजतात) मासे ठेवतात, आपली टाकी १.०२५ वर असते. उतरती क्षारता माशाला बरी सोसते, चढती सोसत नाही. ती दोन-चार दिवसांत सावकाश चढवायची.

क्वारंटाइनची टाकी दिसायला भिकार असते आणि तशीच असावी. उघडा तळ, लपायला पीव्हीसीच्या पाइपचे तुकडे, मोठ्या टाकीच्या सम्पमध्ये (खालच्या फिल्टरच्या टाकीत) आधी महिनाभर ठेवून जिवाणू बसवलेला स्पंज फिल्टर. वाळू नाही, दगड नाही, कारण दोन्ही तांबं शोषतात. मुख्य टाकीत तर औषध घालायचंच नाही. तांब्याने शिंपले, कोळंबी, समुद्री फुलं सगळी मरतात. (प्रवाळाचा प्रश्न आपल्याकडे येऊच नये. कठीण सांगाड्याचे प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत. कुणी "आतल्या गोटातून" आणून देतो म्हणाला तर त्याचा नंबर सेव्ह करू नका.)

आता मायक्रोस्कोप. माझा एका क्लासच्या जुन्या सामानातून घेतलेला आहे, आरसावाला, शाळेत असतो तसा. तेवढा पुरतो. मासा ओल्या हातात धरायचा आणि काचेच्या कव्हर स्लिपची कड अंगावरून डोक्याकडून शेपटीकडे हलकेच ओढायची. रक्त आलं तर जोर जास्त झाला. मिळालेला चिकटा स्लाइडवर, वर त्याच टाकीच्या पाण्याचा थेंब. नळाचं पाणी टाकलंत तर परजीवी फुटतो आणि तुम्ही "काही नाही" असं लिहून मोकळे होता. मी हे दोनदा केलंय. आणि लगेच बघायचं, चहा नंतर. मेलेला परजीवी आणि कातडीचा कचरा नवख्या डोळ्याला सारखाच दिसतो. जिवंत असतो तो हालचालीवरून ओळखू येतो.

व्हाइट स्पॉटचा क्रिप्टोकॅरिऑन गडद, गोलसर असतो आणि जागच्या जागी आळसटासारखा लोळतो. ब्रूकलिनेला राजम्याच्या दाण्यासारखा, त्याहून लहान, आणि सतत पळणारा. युरोनेमा हा आणखी एक परजीवी त्याहूनही छोटा, थेंबाच्या आकाराचा, इतका वेगात की स्लाइड सरकवताना निसटतो. वेल्वेटचा अमायलूडिनियम तपकिरी, अंडाकृती आणि ढिम्म. मुळांसारख्या तंतूंनी कल्ल्याला चिकटून बसलेला. पहिल्यांदा तो मला बुडबुडा वाटला होता.

मायक्रोस्कोप नसेल तर टॉर्च घ्या. खोलीतला दिवा बंद करून माशाच्या बाजूने तिरका प्रकाश टाका. व्हाइट स्पॉट मिठाच्या कणांसारखा, मोजता येतो. वेल्वेट पिठीसाखर भुरभुरल्यासारखा, सोनेरी झाक असलेला, मोजता येत नाही. तो कातडीवर दिसतो तोवर कल्ल्यांचं पुष्कळ नुकसान झालेलं असतं, आणि दोन दिवसांत टाकी रिकामी होऊ शकते.

व्हाइट स्पॉटची फसवणूक वेगळी. तीन ते सात दिवसांत ठिपके आपोआप गळतात आणि गिऱ्हाइकाचा फोन येतो, "ताई, लागू पडलं हो तुमचं औषध!" लागू काही पडलेलं नसतं. पोट भरलेला परजीवी मासा सोडून तळाला जातो, कवच करून बसतो आणि आत एकाचे अनेक होत राहतात. कवच फुटलं की शेकडो पोहणारी पिल्लं सुटतात, त्यांना दिवस-दोन दिवसांत मासा गाठावाच लागतो. तांबं फक्त या पोहणाऱ्यांना मारतं. माशावर बसलेल्याला नाही, कवचातल्याला नाही. म्हणून महिनाभर पातळी एका जागी धरून ठेवायची: चिलेटेड (दुसऱ्या रसायनाने बांधलेलं) तांबं असेल तर लिटरला २ ते २.५ मिलिग्रॅम, आयनिक असेल तर ०.५. दोन्हींची गल्लत केली तर मासा मरतो. सगळ्या टेस्ट किटना चिलेटेड तांबं नीट वाचताही येत नाही. किट विकत घेताना ते विचारा. पातळी दोन-तीन दिवसांत चढवत न्या. आणि तांब्याच्या पाण्यात अमोनिया "बांधणारं" रसायन ओतू नका. त्यातल्या काहींमुळे तांबं आणखी विषारी होतं. अमोनिया वाढला तर पाणी बदला, नव्या पाण्यात तेवढंच तांबं आधी घालून.

पुण्यातला उन्हाळा इथे आडवा येतो. एप्रिलमध्ये टाकीवर पंखा लावला की कोरड्या हवेत बघता बघता पाणी उतरतं. पाणी उडतं, तांबं मागे राहतं. २.२ वर सोडून गेलेली टाकी तिसऱ्या दिवशी २.६ दाखवते आणि शिकाऊ माणूस "मी तर काहीच घातलं नाही" म्हणतो. काचेवर मार्करने रेघ मारा आणि रोज आरओचं पाणी रेघेपर्यंत भरा. गरम पाण्यात ऑक्सिजन मुळात कमी असतो, त्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली की औषधावरचा मासा तासाभरात धापा टाकतो. इलेक्ट्रिकच्या सामानाच्या तपकीर गल्लीतून बॅटरीवरचा एअर पंप आणून ठेवा. औषधांच्या कुठल्याही बाटलीआधी तो घ्या.

ज्यांना तांबं नको असेल त्यांच्यासाठी टब बदलायची पद्धत आहे. दोन टब, दर ७२ तासांनी मासा दुसऱ्यात, पहिला धुऊन खडखडीत वाळवायचा. अशा चार बदल्या, बारा दिवस, औषध शून्य. परजीवी गळून पडतो आणि मासा तिथून पुढे गेलेला असतो. फक्त व्हाइट स्पॉटसाठी हं, वेल्वेटला ही युक्ती पुरत नाही. तोवर मुख्य टाकी माशांवाचून ७६ दिवस रिकामी. कवच उशिरात उशिरा ७२ दिवसांनी फुटल्याची नोंद आहे, त्यावरून हा आकडा आलाय. गिऱ्हाइकाला हे सांगणं हा या धंद्यातला सगळ्यात अवघड भाग. दवाखान्यात अडीच महिने नुसते दगड बघायला कुणी तयार नसतं. मी आता हे टाकी विकतानाच सांगते, कोटेशनमध्ये क्वारंटाइनचा खर्च वेगळा दाखवते, आणि जे नको म्हणतात त्यांचं काम घेत नाही.

फ्लूकसाठी गोड्या पाण्याचा डिप बघण्यासारखा असतो. आरओ पाणी, तापमान आणि पीएच जुळवलेला (चिमूटभर खाण्याचा सोडा), बुडबुडे सोडणारा एअरस्टोन चालू, पाच मिनिटं. मासा पहिल्या क्षणी आडवा पडतो. छातीत धस्स होतं, पण बहुतेकदा तो सावरतो. काळ्या टबमध्ये करा. दोनेक मिनिटांत पारदर्शक फ्लूक पांढरे पडून तिळासारखे तळाशी गळतात. निदान आणि थोडा आराम, दोन्ही एकदम. पुढे प्राझिक्वांटेल हे कृमींवरचं औषध, आणि अंड्यांतून निघणाऱ्यांसाठी आठवड्याच्या आत दुसरा डोस.

फॉर्मॅलिन वापरताना हातमोजे, मास्क आणि उघडी खिडकी. ते कर्करोगकारक आहे. बाटलीच्या तळाशी पांढरा साका दिसला तर ती बाटली बाद. तो माशांना भयंकर विषारी असतो.

लसणाचं सगळे विचारतात. गणेश पेठेच्या मासळी बाजारातली कोळंबी बारीक चिरून, आधी गोठवून, लसणाच्या रसात बुडवून दिली तर हट्टी मासा कधी कधी तोंड लावतो. आजार त्याने जात नाही.

युरोनेमावर मात्र माझं आणि काकांचं अजून जमत नाही. हिरव्या क्रोमिस माशाच्या कुशीवर लाल चट्टा उमटला की तो बहुधा युरोनेमाच निघतो, आणि तो आत मांसात शिरलेला असतो. डिप वरवरच्यांना मारतो, आतल्यांपर्यंत पोचत नाही. मी क्रोमिस मागवणंच बंद केलंय. काका म्हणतात, "स्वस्त आहेत, थव्याने फिरतात, लोकांना आवडतात." गेल्या खोक्यात त्यांनी सात मागवले. माझ्या वहीत सध्या तीन आहेत, श्वास चौऱ्याऐंशी, चौऱ्याऐंशी आणि एकशेसोळा.