इथेनॉलवर गाडी करताय? लॅपटॉप मिटा, आधी टाकी उघडा

टर्बो गाडी घेतलेला पोरगा गॅरेजला आला की पहिला प्रश्न ठरलेला: "काका, ई-८५ चा मॅप टाकला तर पॉवर किती वाढंल?" (ई-८५ म्हणजे सुमारे ८५ टक्के इथेनॉलचं इंधन. मॅप म्हणजे इंधन किती आणि स्पार्क कधी हे इंजिनाच्या कॉम्प्युटरला सांगणारा तक्ता, तो लॅपटॉपवरून बदलतात.) इंधनाचा पंप कुठला आहे, नळ्या कसल्या आहेत, टाकी आतून कधी बघितलीस, असं विचारलं की चेहरा उतरतो. आपण साखर कारखान्यांच्या पट्ट्यात राहतो. साखराळे घ्या, रेठरे घ्या, भुईंज घ्या, हंगामात मळीचा वास नाकात बसलेलाच. त्यामुळे इथेनॉल आपल्याला घरचंच वाटतं. पण ते इंजिनापर्यंत नीट पोचवायचं काम टाकीपासून सुरू होतं. मॅप सगळ्यात शेवटी.

भुरळ का पडते ते मलाही कळतं. ऑक्टेन १०८ च्या आसपास. वाफ होताना पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता ओढून घेतं, म्हणून आत जाणारी हवा गार राहते, बूस्ट (टर्बोनं आत ढकललेल्या हवेचा दाब) वाढवता येतो, स्पार्क पुढे, म्हणजे लवकर, घेता येतो. पण लिटरमागं ऊर्जा पेट्रोलच्या दोन तृतीयांशच. हवेशी जुळणारं प्रमाण (एक किलो इंधनाला किती किलो हवा) पेट्रोलला १४.७, ई-८५ ला साधारण ९.८. म्हणजे लिटरच्या हिशेबात शुद्ध पेट्रोलपेक्षा जवळजवळ ४० टक्के जास्त इंधन ओतावं लागतं. आता पेट्रोल पंपावर मिळणाऱ्या ई-२० शी (२० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलशी) तुलना केली तरी एक तृतीयांश जास्त. हे जास्तीचं इंधन कुठून येणार, याचं उत्तर ज्याच्याकडे नाही त्यानं पुढे जाऊच नये.

मोठा पंप, जुनी वायर

ही चूक मी सगळ्यात जास्त बघतो आणि सगळ्यात जास्त चिडतोही हिच्यावरच.

पलूसकडच्या एका मुलाची १.८ टर्बोची जुनी सेडान होती. बाहेरून कुठूनतरी मोठे इंजेक्टर, मोठा पंप आणि ई-८५ चा मॅप असं सगळं करून आणलेली. सांगलीत फिरवताना झकास. पुण्याहून परत येताना मात्र खंबाटकी चढायला लागली आणि पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दाबला की अडखळायची. पुण्याला जाताना बोगद्यातून जायचं, तेवढा चढ नाही, त्यामुळे तेव्हा काही जाणवायचं नाही. मित्रमंडळींनी प्लग बदलायला लावले, मग कॉइल, मग इंजेक्टर साफ करून घेतले. मग कुणीतरी ठरवलं की मॅपमध्येच इंधन कमी पडतंय, आणि इंजेक्टर अजून जास्त वेळ उघडे ठेवले. रेलमध्ये (इंजेक्टरना इंधन देणाऱ्या नळीत) दाबच नसेल तर इंजेक्टर दिवसभर उघडा ठेवून काय उपयोग? माझ्याकडे गाडी टोचन करून आली. तिसऱ्या सिलिंडरच्या पिस्टनची कड वितळलेली, प्लगचा इलेक्ट्रोड गायब.

पंप चांगला होता. बॅटरीला चार्जर लावून १३.५ व्होल्ट ठेवले, पंप पूर्ण दाबावर चालवला आणि टाकीवरच्या सॉकेटला मल्टिमीटर लावला: १०.८. नव्या पंपाला करंट लागतो जुन्याच्या दुपटीजवळ, आणि वायर मात्र कंपनीनं छोट्या पंपासाठी घातलेली तीच बारीक. वर मागच्या सीटखालचा ग्राउंडचा बोल्ट गंजलेला. बूस्ट वाढतो तसा रेग्युलेटर इंधनाचा दाबही तेवढाच वाढवतो. ३ बारचा पाया आणि १.४ बार बूस्ट म्हणजे पंपाला ४.४ बारविरुद्ध ढकलायचंय. नेमकं तेव्हाच व्होल्टेज पडलं की पंप धापा टाकणारच. वायरिंग सुधारायचा खर्च त्या पिस्टनच्या रिंगांच्या सेटएवढाही नव्हता.

माझी सवय सांगतो. पंप बदलला की बॅटरीपासून ४ चौरस मिलिमीटरची स्वतंत्र तांब्याची वायर, बॅटरीशेजारी फ्यूज, मागे रिले (बारीक करंटवर चालणारा मोठा स्विच). कंपनीची जुनी वायर फक्त रिले ओढायला. ग्राउंड रंग खरवडून बॉडीला. पंप थेट स्विचवर लावणारे महाभागही आहेत. गाडी ठोकली, इंजिन बंद पडलं, तरी पंप इंधन फेकत राहतो. असली गाडी मी आत घेत नाही. आणि रेलवर प्रेशर गेज लावल्याशिवाय पहिली चाचणी नाही, मग मालक कितीही घाईत असू दे. पूर्ण लोडला इंजेक्टरची ड्यूटी (तो किती टक्के वेळ उघडा राहतो ते) ८५ टक्क्यांवर गेली तर इंजेक्टर लहान आहेत, विषय संपला.

"कारखान्यात आपला माणूस आहे"

दुसरी लाडकी चूक. ओळखीनं कॅनमधून स्पिरिट आणायचं आणि टाकीत ओतायचं. एक तर ते उत्पादन शुल्क खात्याच्या परवान्याखालचं, विनापरवाना सापडलात तर गाडी राहील बाजूला. दुसरं म्हणजे रेक्टिफाइड स्पिरिट म्हणजे इंधनाचं इथेनॉल नव्हे. त्यात साधारण ५ टक्के पाणी असतं. साध्या ऊर्ध्वपातनानं ते निघतच नाही. इंधनाचं इथेनॉल त्यापुढं वाळवून ९९.५ टक्क्यांच्या वर नेलेलं असतं. पाणीवालं स्पिरिट पेट्रोलमध्ये गेलं की थर वेगळे होऊ शकतात. पाणी आणि अल्कोहोलचा थर तळाशी बसतो, आणि पंपाचं तोंडही तळाशीच.

यावर हमखास उत्तर येतं, "ब्राझीलमध्ये पाण्याचंच इथेनॉल चालतंय की." चालतंय. तिथं १९७९ पासून, फियाट १४७ पासून, त्यासाठीच बनवलेल्या गाड्या आहेत. तुमची तशी आहे का?

सरळ मार्ग आहे. इंडियन ऑइलनं मार्च २०२४ मध्ये इथेनॉल १०० निवडक पेट्रोल पंपांवर आणलं, त्यात महाराष्ट्रही आहे. नावात शंभर असलं तरी इथेनॉल सुमारे ९३ टक्के, बाकी मुख्यतः पेट्रोल. आणि तुम्ही मिसळता ते पेट्रोलही आता ई-२० असतं. म्हणजे निम्मं-निम्मं टाकलं की पन्नास होत नाही, छप्पनच्या पुढं जातं. टाकीत आधीचं काय शिल्लक होतं ते वेगळंच. म्हणून मी मोजतो. काचेच्या मोजपात्रात ५० मिली पाणी, ५० मिली इंधन, हलवायचं, थर स्थिर होऊ द्यायचे. वर राहिलं ते पेट्रोल, खालच्या थरात वाढलं ते इथेनॉल. अंदाज चांगला येतो. इंधनात इथेनॉल किती ते सांगणारा फ्लेक्स-फ्युएल सेन्सर लावला तर उत्तमच: ५० हर्ट्झ म्हणजे शून्य टक्के, १५० म्हणजे शंभर. सेन्सर वाचवून पैसे वाचवणारा पुढच्या वर्षी इंजिन खोलायला येतो, माझा धंदा चालतो.

बाकीच्या चुका

वाइडबँड गेजवर (एक्झॉस्टवरून हवा-इंधनाचं प्रमाण दाखवणाऱ्या) ९.८ आणायला बघणं. गेज पेट्रोलच्या मोजपट्टीवर असेल तर कुठलंही इंधन घाला, बरोबर मिश्रणाला ते १४.७ च दाखवणार. ९.८ दिसलं म्हणजे लॅम्डा (खरं प्रमाण भागिले बरोबर प्रमाण, १ म्हणजे अचूक) ०.६७, इंधन सिलिंडर धुऊन ऑइलमध्ये उतरतंय. लॅम्डा वाचायला शिका, निम्मे वाद मिटतील.

स्टीलची चमकती जाळी बघून नळी घेणं. आत साधं रबर असलं तर ती फुगते, चिरते. आतून पीटीएफईची (टेफ्लॉनची) घ्या, ओ-रिंगा व्हायटनच्या (इंधनाला टिकणाऱ्या रबराच्या). टाकीच्या आतली नळी इंधनात बुडून राहायला बनवलेलीच हवी, बाहेरची कापून आत घालू नका.

कागदी फिल्टर. इथेनॉल जुन्या टाकीतला सगळा चिकट थर सोडवून आणतं. पंपानंतर धातूच्या जाळीचा १० मायक्रॉनचा फिल्टर लावा आणि पहिल्या दोन टाक्या संपल्या की उघडून बघा. काय निघतं ते बघून जेवण जाणार नाही.

डिसेंबरात पाचगणीला जाऊन "गाडी सकाळी सुरू होईना" असा फोन करणं. १३ अंशांखाली शुद्ध इथेनॉलची वाफ पेट घेण्याइतकी होतच नाही. पेट्रोलचा भाग वाढवा. सांगलीच्या उन्हाळ्यात ही तक्रार करू नका, तिथं कारण दुसरं असतं.

ऑइल नेहमीच्या अंतरावर बदलणं. लवकर बदला, विशेषतः गाडी फक्त घर ते दुकान फिरत असेल तर.

पावसाळाभर अर्धी टाकी ठेवून गाडी झाकून ठेवणं. इथेनॉल हवेतली ओल ओढतं. उभी करायची तर टाकी भरून ठेवा.

आरटीओची मंजुरी न घेता बदल करणं. विम्याचा दावा करताना कळतं.

आणि जोडणी झाल्या झाल्या स्टार्टर मारणं. इथेनॉलची ज्वाला उन्हात जवळजवळ दिसत नाही, धूरही नाही. हात भाजल्यावर समजतं. आधी फक्त चावी ऑन करून पंप चालवा, प्रत्येक जोडाखाली कोरडा पांढरा कागद धरा, दाब पाच मिनिटं टिकतो का बघा. ड्राय पावडरचा अग्निशामक हाताशी असू द्या, डिकीतल्या सामानाखाली नको.