एअर शोला सहकुटुंब जाताय? या चुका टाळा

जानेवारी 2024 मध्ये 12 ते 14 तारखेला मरीन ड्राइव्हवर हवाई दलाच्या कसरती झाल्या, रोज दुपारी 12 ते 1. आम्ही रविवारी गेलो: मी, नवरा, दोन मुलं आणि सासूबाई. मुलं अजून त्या दिवसाबद्दल बोलतात. पण काही चुका अशा झाल्या, ज्या तुम्हाला सहज टाळता येतील.

पहिली चूक जागेची. चर्नी रोडला उतरलं की गिरगाव चौपाटी समोरच, म्हणून आम्ही तिकडेच बसलो. जानेवारीत त्या वेळी मुंबईत सूर्य जवळजवळ थेट दक्षिणेला असतो, आणि चौपाटीवरून समुद्रावरचं आकाश दक्षिणेलाच बघावं लागतं. अर्धा वेळ मुलं डोळ्यांवर हात धरून होती. नरिमन पॉइंटच्या टोकाला बसून मलबार हिलकडे बघितलं असतं, तर ऊन पाठीशी राहिलं असतं. शो कुठेही असो, त्या तासाला सूर्य कुठे असेल ते आदल्या दिवशी त्याच वेळी बघून ठेवा. दुर्बीण नेलीत तर सूर्याच्या बाजूला ती मुलांच्या हाती देऊ नका.

आवाजाचं दोन अंगांनी सांगते. आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात. मुलं आवाज येतो तिकडे बघतात, तोवर सुखोई हे लढाऊ विमान पार पुढे गेलेलं असतं. म्हणून त्यांना आवाजाच्या पुढे बघायला शिकवा. दुसरं म्हणजे कान. कापसाचे बोळे पुरत नाहीत. लहानग्यांना पूर्ण कान झाकणारे इअरमफ हवेत आणि ते दोन-तीन दिवस आधीपासून घरात घालून सवय करायला हवी. आमच्या धाकटीने आयत्या वेळी डोक्यावरून काढून फेकले आणि सुखोई येताच रडायला लागली.

अमुक विमान दाखवतोच, असा शब्द मुलांना देऊ नका. फेब्रुवारी 2025 च्या एअरो इंडिया या हवाई प्रदर्शनात हवाई दलाच्या सारंग या कसरती पथकाची ध्रुव हेलिकॉप्टरं उडालीच नाहीत, कारण जानेवारीत पोरबंदरला झालेल्या अपघातानंतर ध्रुव हेलिकॉप्टरं जमिनीवर ठेवली होती. छत्रीधारी जवानांच्या उड्या तर वाऱ्यावर अवलंबून असतात.

खाऊचं उष्टं-खरकटं तिथे टाकू नका, ही कळकळीची विनंती. त्यावर घारी आणि कावळे जमतात, आणि जमिनीलगत उडणाऱ्या विमानाला एक घारही घातक ठरू शकते. बंगळुरूजवळच्या येलहंका तळाभोवती एअरो इंडियाच्या दिवसांत मांसविक्री बंद ठेवतात, ती याच कारणाने.

सगळ्यात मोठी चूक मात्र शो संपल्यावर होते. सगळे एकदम उठतात. 6 ऑक्टोबर 2024 ला चेन्नईच्या मरीना बीचवर सकाळी 11 ते 1 शो झाला. लाखो लोक भर उन्हात होते आणि नंतर एकाच वेळी रस्त्यांवर आणि स्टेशनांवर आले. पाच जणांचा जीव गेला, कितीतरी जण उन्हाने आजारी पडले. त्या बातमीने मी हादरले, कारण आम्हीही एक वाजता तसेच निघालो होतो. पाणी संपलेलं, सासूबाईंना चक्कर येत होती आणि फोन लागत नव्हता. एका दुकानदाराने त्यांना आत बसवून लिंबूपाणी दिलं.

म्हणून पाण्याचा निम्मा साठा परतीसाठी राखा. सोबत ओआरएसची पाकिटं, संत्री, काकडी असू द्या. वडीलधाऱ्यांसाठी छत्री आणि घडीचं स्टूल न्या, त्यांच्या औषधांची वेळ शोच्या वेळेशी आधीच जुळवून घ्या. मुलांच्या मनगटावर पेनाने तुमचा नंबर लिहा आणि चुकामूक झाली तर कुठे भेटायचं ते ठरवा. गर्दीत फोनचा भरवसा नसतो. रविवार असेल तर लोकलच्या मेगाब्लॉकचं वेळापत्रक आदल्या रात्री बघा. शेवटचं विमान गेलं की सावली गाठून तासभर बसा, डबा तेव्हा उघडा, आणि जवळचं स्टेशन तुंबलेलं दिसलं तर पुढच्या स्टेशनापर्यंत सावकाश चालत जा.