वर्गात साधनं वापरताना या चुका टाळा: मोजणी सशांनी केली, मुलांनी नाही

पडद्यावर एकामागून एक सात ससे उड्या मारत येतात, प्रत्येक सशाबरोबर आकडा उमटतो, मुलं एका सुरात ओरडतात, तास छान रंगतो. दुसऱ्या दिवशी वहीत सात चेंडू काढायला सांगितले की निम्मा वर्ग शेजारच्या वहीत डोकावतो. व्हिडिओत खोट काहीच नव्हती. फक्त मोजायचं काम त्याने परस्पर उरकलं होतं.

बालवाडी ते चौथीपर्यंतच्या वर्गांत साधनांच्या बाबतीत होणाऱ्या बहुतेक चुका याच जातीच्या असतात. मुलाच्या हाताने आणि डोक्याने व्हायचं काम साधन करून टाकतं, किंवा साधन हातात धरून शिक्षक करून टाकतात.

गठ्ठा कोणी बांधला?

दशक-एकक शिकवायला काड्या आणतात, हे उत्तमच. पण बऱ्याचदा दहा-दहाचे गठ्ठे आदल्या दिवशीच बांधून तयार असतात. मुलाच्या हाती येतो तो बांधलेला गठ्ठा, आणि ‘हा दशक’ हे त्याला सांगितलं जातं. मग तेवीस दाखव म्हटलं की मूल गठ्ठ्यातल्या काड्या पुन्हा एक-एक मोजायला लागतं. मुलाचं काही चुकत नाही, त्या गठ्ठ्यात दहाच आहेत यावर त्याने का विश्वास ठेवावा? काड्या सुट्या द्या, रबर द्या, दहा झाल्या की त्यालाच बांधू द्या. तेवीसमधून सात काढताना सुट्या तीनच उरल्यात हे लक्षात आलं की गठ्ठा सोडायचा निर्णयही त्याचाच असू द्या. हातचा आणि उसना हे दोन्ही त्या रबरात आहेत. टॅबलेटवरच्या बऱ्याच ठोकळ्यांच्या खेळांत दहा सुटे एकत्र आले की आपोआप चिकटून दांडा होतो. दिसायला सुबक, पण नेमका शिकण्याचा क्षण ॲपने गिळलेला असतो.

याची दुसरी बाजू अशी: काड्या असल्या की गणित येतं, काढून घेतल्या की मूल गप्प. इथे मधली पायरी गाळलेली असते. मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांनी १९६० च्या दशकात कृती, चित्र आणि चिन्ह असा क्रम मांडला. आपण कृतीवरून थेट चिन्हावर उडी मारतो. त्यापेक्षा काड्या हाताळतानाच प्रत्येक हालचाल वहीत उतरवू द्या: गठ्ठ्याला उभी रेघ, सुट्या काडीला टिंब. काही दिवसांनी काड्या खोक्याखाली झाका आणि ‘आत आता किती?’ विचारा. मग फक्त रेघा-टिंबं, आणि शेवटी नुसते अंक. काड्या आणायचा दिवस आपण ठरवतो, तसा त्या काढून घ्यायचा दिवसही नियोजनात लिहिलेला हवा.

फार गोड साधन

मोजायला रंगीत अस्वलं दिली की मुलं त्यांचं कुटुंब मांडतात. एक आई, एक बाबा, एक आजारी. यात नवल नाही. मानसशास्त्रज्ञ जुडी डिलोच यांनी १९८७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. खोलीच्या छोट्या प्रतिकृतीत खेळणं कुठे लपवलं ते मुलांना दाखवायचं आणि खऱ्या खोलीत त्याच जागी लपवलेलं मोठं खेळणं शोधायला सांगायचं. तीन वर्षांच्या मुलांना ते जमलं, अडीच वर्षांच्या बहुतेकांना नाही. पुढच्या प्रयोगांत असंही दिसलं, की प्रतिकृतीशी आधी खेळायला दिलं तर तीन वर्षांच्या मुलांचीही कामगिरी घसरते. वस्तू स्वतःच इतकी रंजक होते, की ती दुसऱ्या कशाचं तरी प्रतीक आहे हे मागे पडतं.

म्हणून संख्येसाठी साधी, एकसारखी वस्तू बरी: एकाच रंगाची बटणं, खडे, ठोकळे. अस्वलं गोष्टीच्या तासाला द्या. तिथे आजारी अस्वलाचंही काम निघतं.

भिंत भरली म्हणजे वर्ग सजला नाही

हे सांगितलं की शिक्षक नाराज होतात, कारण तक्त्यांमागे रात्री जागलेल्या असतात. तरी सांगायलाच हवं. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बालवर्गातल्या २४ मुलांना काही पाठ भरगच्च सजवलेल्या खोलीत आणि काही जवळपास मोकळ्या खोलीत शिकवले. सजवलेल्या खोलीत मुलांचं लक्ष जास्त वेळ भटकलं आणि चाचणीत बरोबर उत्तरं ४२ टक्के आली. मोकळ्या खोलीत ५५ टक्के. अभ्यास छोटा आहे, त्यावरून सगळे तक्ते उतरवायचं कारण नाही. फळ्याच्या दोन्ही बाजू मात्र रिकाम्या ठेवा. चालू घटकाचा तक्ता मुलांच्या नजरेच्या उंचीवर लावा, घटक संपला की उतरवा. लॅमिनेट केलेला तक्ता खिडकीसमोर असेल तर त्यावर नुसती चमक दिसते. एकदा मुलांच्या जागेवर, जमिनीवर बसून पाहा.

पडद्यासमोर तीस, पडद्यापाशी एक

स्मार्ट बोर्डवर एक मूल येऊन उत्तर ओढतं, बाकीचे पाहतात. शिक्षकांना वाटतं वर्ग सहभागी आहे. खरं तर एकाचा सराव होतो आणि इतरांना वाट पाहायची सवय लागते. आधी प्रत्येकाने पाटीवर उत्तर लिहून वर धरायचं, मग एकाने बोर्डापाशी जायचं, एवढा बदल पुरतो. त्यात कोणाचं काय चुकलं हे एका नजरेत कळतं, जे बोर्ड कधीच दाखवत नाही.

व्हिडिओ लावून सबंध दाखवणं हे याच चुकीचं भावंड. गोष्ट वळण घेण्याआधी, प्रयोगाचं उत्तर येण्याआधी थांबवा. ‘आता काय होईल?’ याची दोन-तीन उत्तरं फळ्यावर लिहा, मग पुढे सोडा. स्लाइडवर वाक्यं भरून तीच वाचून दाखवू नका. ज्यांना अजून वाचता येत नाही त्यांच्यासाठी ती नक्षी असते, आणि ज्यांना येतं त्यांना एकाच वेळी दोन गोष्टींचा पाठलाग करावा लागतो. चित्र दाखवा, तोंडाने बोला.

सरावाच्या ॲपमध्ये गुण भरभरून आणि वही कोरी, असं दिसलं तर मूल हिरवा रंग येईपर्यंत टिचक्या मारतंय असं समजा. एका टॅबलेटवर दोघांना बसवा. एकाने उत्तर आणि कारण सांगायचं, दुसऱ्याला पटलं तरच त्याने बोट लावायचं. तास थोडा गोंगाटाचा होतो, होऊ द्या.

अक्षरं गिरवण्याच्या ॲपवर माझा फारसा विश्वास नाही. संशोधक कॅरिन जेम्स आणि लॉरा एंगेलहार्ट यांच्या २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या, वाचायला न शिकलेल्या पाच वर्षांच्या मुलांवरच्या अभ्यासात, मुलांनी हाताने स्वतंत्र लिहिलेली अक्षरं नंतर पाहताना मेंदूतले वाचनाशी निगडित भाग जागे झाले. टाइप केलेल्या किंवा नुसत्या गिरवलेल्या अक्षरांनी तसं झालं नाही. वेडंवाकडं का होईना, मुलाने स्वतः काढलेलं अक्षर हवं. वाळूत, पाटीवर, कुठेही.

आणि वेळ? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दोन ते चार वर्षांच्या मुलांनी दिवसभरात एक तासापेक्षा जास्त वेळ बसून पडदा पाहू नये, कमी तितकं चांगलं. त्या तासात घरचा मोबाइलही येतो, हे बालवाडीच्या वेळापत्रकात सहसा धरलेलं नसतं.

उपकरण रुसलं तर

चित्र येत नसेल तर आधी प्रोजेक्टरवर योग्य सोर्स निवडलाय का पाहा, मग लॅपटॉपवर विंडोजचं बटण आणि पी एकत्र दाबून ‘डुप्लिकेट’ निवडा. चित्र आहे पण आवाज नाही, म्हणजे बहुधा आवाज प्रोजेक्टरला जोडलेल्या एचडीएमआय केबलकडे वळलाय. आवाजाच्या चिन्हावर जाऊन स्पीकर बदला. पेन एका जागी टेकवलं आणि रेघ दुसरीकडे उमटली तर प्रोजेक्टरला धक्का लागलेला असतो, बोर्ड पुन्हा कॅलिब्रेट करा, म्हणजे पेन आणि रेघ जुळवून घ्या. घरी व्यवस्थित दिसणारा मराठी मजकूर शाळेच्या संगणकावर अगम्य चिन्हांचा झाला असेल, तर तो युनिकोड (सगळ्या संगणकांवर सारखीच दिसणारी अक्षरपद्धती) नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप झालाय. यापुढे युनिकोडमध्येच टाइप करा आणि फाइल पीडीएफ करून न्या.

व्हिडिओ मुलांसमोर शोधू नका. जाहिरात आणि बाजूची चित्रं पाहून वर्ग हातातून जातो. आधीच उघडून, ऑटोप्ले बंद करून ठेवा. दोन मिनिटांत काही सुरू झालं नाही तर खडू उचला. दुरुस्ती मधल्या सुट्टीत.

बोलणारी पुस्तकं, दिव्याची खेळणी यांच्यात बटणासारखे चपटे सेल असतात. त्यांचं झाकण स्क्रूने बंद होणारं नसेल तर ते साधन लहान मुलांच्या वर्गात नकोच. गिळलेला सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही आतून गंभीर भाजू शकतं. शंका आली तरी ओकारी काढायचा प्रयत्न न करता थेट रुग्णालय गाठायचं. सुटे, ताकदवान चुंबक तर एकाहून अधिक गिळले गेले की आतड्याच्या भिंती चिमटीत पकडतात.

कपाटातलं साहित्य

नवीन पेटी येते, यादी होते, कुलूप लागतं. तुकडे हरवतील ही भीती खरी आहे, पण त्यावर उपाय सोपा: एका संचातल्या सगळ्या तुकड्यांच्या पाठीवर एकच रंगीत खूण करा, म्हणजे बाकाखाली सापडलेला तुकडा कुठला ते पहिलीतलं मूलही सांगेल. मुलांच्या हाताला येईल अशा एकाच फळीवर चालू घटकाचे पाच-सहा संच ठेवा, डब्यावर आतल्या वस्तूचं चित्र लावा. तरीही एखादं जोडकार्ड हरवलंच तर संच बाद करू नका. कोणतं हरवलं ते मुलांनाच शोधू द्या. उरलेल्या सगळ्या जोड्या लावल्याशिवाय ते कळत नाही. सापडलं की कोरं कार्ड द्या, ते बनवायचंही त्यांनीच.